इंजिनाच्या सांध्याला कोणता लेप लावावा?



रोहिणी नक्षत्र लागले की घरोघरी बियाण्यांची आणि खताची जुळवाजुळव सुरू होते. पाभर, कुळव, जू यांची डागडुजी होते. पण कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेला पेट्रोलवरचा फवारणी पंप, गवत कापायचे यंत्र, कोळपणीचा पॉवर वीडर यांच्याकडे मात्र कपाशीवर तुडतुडे दिसेपर्यंत कोणी पाहत नाही. मग ऐन फवारणीच्या दिवशी दोरी ओढावी तर इंजिनाच्या बुडाशी ऑइलचे थारोळे दिसते, नाही तर इंजिन सुरू होऊन आपोआप सुसाट पळू लागते. घाईघाईत कोणी तरी बाजारातून एक ट्यूब आणतो, सांध्यावरून बोट फिरवतो आणि काम भागले असे समजतो.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वारंवार असतो : "इंजिनाच्या चेंबरच्या सांध्यातून गळती होते. कोणते सोल्युशन लावावे?" एका ओळीत उत्तर हवे असेल तर ते असे : सगळ्या सांध्यांना चालेल असा एकच लेप जगात नाही. त्या सांध्याच्या आत काय आहे, फट किती आहे आणि तेथे मुळात कागदी पॅकिंग होते की नव्हते, हे तीन प्रश्न सुटले की लेपाचे नाव आपोआप ठरते. हे तीन प्रश्न न विचारता लावलेला लेप म्हणजे दुखणे न पाहता दिलेले औषध होय. आज याचीच फोड करून सांगतो.

गळती नक्की कोठून, हे आधी पाहा

ऑइल जेथे दिसते तेथूनच ते गळते असे नाही. ते वरून ओघळून खाली येते, पंख्याच्या वाऱ्याने सगळीकडे पसरते आणि त्यावर धूळ बसून चिखल होतो. म्हणून पहिले काम म्हणजे स्वच्छता. फवारणी पंप असेल तर आधी टाकी रिकामी करून सगळा पंप साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यावा. त्याच्या अंगाला विषारी औषध चिकटलेले असते आणि तेच हात आपण पुढे भाकरीला लावतो. मग डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने इंजिन घासावे, फडक्याने कोरडे करावे आणि संशयित सांध्यावर खडूची पूड किंवा अंगाला लावायची पावडर भुरभुरावी. यंत्र जमिनीवर ठेवून थोडा वेळ चालवावे आणि बंद करून पाहावे. जेथे पूड प्रथम काळी पडते, तेथे गळतीचे मूळ आहे.

मूळ सापडले तरी लगेच इंजिन उघडू नये. फोर-स्ट्रोक इंजिनात आधी दोन गोष्टी तपासाव्यात. ऑइल खुणेपेक्षा जास्त तर भरलेले नाही ना? आणि चेंबरचा श्वास घेण्याचा मार्ग, म्हणजे ब्रीदर, धुळीने बुजलेला तर नाही ना? ब्रीदर बुजला की आत दाब साठतो आणि तो दाब जो सांधा कमकुवत असेल तेथून ऑइल बाहेर ढकलतो. अशा वेळी कितीही भारी लेप लावा, आज येथून तर उद्या तेथून गळणारच.

तिसरी गोष्ट ऑइल सीलची. फिरणारा दांडा जेथे बाहेर येतो तेथे रबराची गोल सील बसवलेली असते. ती झिजली तर सील बदलणे हाच उपाय. फिरत्या दांड्याभोवती लेप थापून गळती थांबत नाही, उलट तो लेप गोळा होऊन आत जातो.

टू-स्ट्रोकचे चेंबर म्हणजे लोहाराचा भाता

आपल्या घरात दोन जातींची छोटी इंजिने असतात. ज्यात ऑइल भरण्याचे वेगळे बूच व काडी असते, ते फोर-स्ट्रोक. ज्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून घालावे लागते, ते टू-स्ट्रोक. दोघांच्या चेंबरचे काम अगदी निराळे आहे आणि लेपाची निवड येथूनच बदलते.

फोर-स्ट्रोकच्या चेंबरात ऑइल असते. सांधा सैल झाला तर ऑइल बाहेर येते. नुकसान डोळ्यांना दिसते, पण म्हणून ते लहान समजू नये. पाठीवरच्या किंवा खांद्यावरच्या ३५ सी.सी.च्या आसपासच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल असते जेमतेम १०० मि.ली. दर १० सेकंदांना एक थेंब पडत असेल तर तासाला ३६० थेंब झाले. २० ते ३० थेंबांचा एक मि.ली. धरला तर तासाला १२ ते १८ मि.ली. ऑइल गेले. चार तासांच्या फवारणीत निम्म्याहून अधिक चेंबर रिकामे होऊ शकते. "थोडेसेच तर गळते" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

टू-स्ट्रोकचे तसे नाही. त्याचे चेंबर हे लोहाराच्या भात्यासारखे काम करते. पिस्टन वर गेला की चेंबरात ओढ निर्माण होते आणि कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल व ऑइल यांचे मिश्रण आत येते. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबले जाऊन वर सिलिंडरमध्ये जाते. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर हा भाता सेकंदाला १०० वेळा चालतो. आता भात्याला भोक पडले तर काय होते, हे सांगायला नको. चेंबरचा सांधा सैल असला की फटीतून नुसती हवा आत शिरते. मिश्रणात हवा वाढते, पेट्रोल कमी पडते आणि पेट्रोलबरोबर येणारे ऑइलही तितकेच कमी पडते. इंजिन तापते, पिस्टनवर ओरखडे उठतात आणि शेवटी पिस्टन बोअरमध्ये जाम होतो.

यातला घातकपणा असा की बाहेर थेंबही दिसत नाही. दिसते ते एवढेच : इंजिन गरम झाल्यावर आपोआप वेग घेते, अॅक्सिलरेटर सोडला तरी मंद होत नाही, कार्बोरेटरचा स्क्रू कितीही फिरवला तरी एका जागी स्थिरावत नाही, आणि प्लगचे टोक तपकिरी न दिसता पांढरट दिसते. अनेक जण याला कार्बोरेटरचा दोष समजून त्याच्याच मागे लागतात. अशी लक्षणे दिसली तर इंजिन तत्काळ बंद करावे. बटणाने बंद होत नसेल तर चोक पूर्ण ओढावा. "एवढे चार पंप मारून घेतो, मग बघू" हा विचार बोअर-पिस्टनच्या किमतीला पडतो.

तीन प्रश्न

आता मूळ तीन प्रश्नांकडे येऊ.

पहिला प्रश्न : सांध्याच्या आत काय आहे? फक्त ऑइल आहे, पेट्रोल आहे, की जळणाऱ्या वायूचा जाळ आहे? ऑइलला टिकणारा लेप पेट्रोलला टिकेलच असे नाही.

दुसरा प्रश्न : फट किती? कारखान्यात यंत्रावर तासलेले दोन सपाट भाग एकमेकांवर बसत असतील तर फट केसाएवढीही नसते. पत्र्याचे झाकण असेल तर ते बोल्टच्या जागी दबते आणि मध्ये उचलते, तेथे फट जास्त असते.

तिसरा प्रश्न : मूळ कारखान्याने तेथे कागदी पॅकिंग दिले होते का? दिले असेल तर त्याची जाडी हाही इंजिनाचा एक भागच असतो. बाजूच्या झाकणाखालचे पॅकिंग काढून नुसता लेप लावला तर झाकण तेवढे आत जाते, क्रँकला आडवी हालचाल करायला ठेवलेली जागा संपते आणि बोल्ट आवळताच क्रँक जड फिरू लागतो. सिलिंडरच्या बुडाचे पॅकिंग काढले तर सिलिंडर खाली येतो आणि पिस्टन व हेड यांतील अंतर बदलते. म्हणून नियम असा की जेथे पॅकिंग होते तेथे त्याच जाडीचे पॅकिंगच घालावे. तयार पॅकिंग मिळत नसेल तर पॅकिंगचा कागद दुकानातून आणून त्यावर जुन्याची खूण करून कात्रीने कापावे. लग्नपत्रिका आणि कॅलेंडरचे पुठ्ठे या कामाला आणू नयेत. ते ऑइल पिऊन फुगतात आणि उन्हाळ्याच्या आत फाटतात.

बाजारातले चार प्रकार

दुकानात नावे अनेक असली तरी चेंबरच्या कामाला येणारे लेप मुख्यतः चार जातींचे आहेत.

१) सिलिकॉन. ट्यूबमधून दंतमंजनासारखा निघतो आणि हवेतील ओलाव्याने रबरासारखा घट्ट होतो. तो लवचिक राहतो, उष्णता चांगली सोसतो, ऑइलला टिकतो आणि थोडी जास्त फटही भरून काढतो. फोर-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल चेंबर, पॉवर वीडरच्या गिअर बॉक्सचे झाकण, पत्र्याचे कव्हर यांना तो योग्य. पण पेट्रोल लागले की सिलिकॉन फुगतो, मऊ पडतो आणि सुटतो. म्हणून टू-स्ट्रोकचे चेंबर, कार्बोरेटरचा सांधा आणि पेट्रोलची टाकी येथे सिलिकॉन वर्ज्य समजावा.

सिलिकॉनमध्येही दोन भेद आहेत. न्हाणीघरातील फरशी, खिडकीची काच यांना लावायचा जो स्वस्त सिलिकॉन मिळतो, त्याला बहुधा व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो वास अॅसिटिक आम्लाचा असतो आणि ते आम्ल काही धातूंना खाते. इंजिनासाठी आंबट वास नसलेला, वेष्टनावर इंजिन गॅस्केटसाठी असे लिहिलेला सिलिकॉन घ्यावा. लाल, काळा, करडा या रंगांवरून जात ठरवू नये. रंगाचा अर्थ प्रत्येक कंपनीचा निराळा असू शकतो. वेष्टनावरचे वाचावे किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावे.

२) अॅनारोबिक लेप. नाव अवघड आहे, पण गुण सोपा. हा लेप हवेत ओलाच राहतो आणि दोन धातूंच्या मध्ये दाबला जाऊन हवा तुटली की घट्ट होतो. त्याची बाटली किंवा ट्यूब पूर्ण भरलेली नसते याचे कारण हेच. आतली हवाच त्याला पातळ ठेवते, म्हणून ट्यूब अर्धी दिसली तर दुकानदाराशी भांडू नये. यंत्रावर तासलेल्या, सपाट, घट्ट बसणाऱ्या धातूच्या सांध्याला हा उत्तम. साधारण पाव मि.मी.पर्यंतची, म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट तो भरतो. पेट्रोल आणि ऑइल दोन्हींना टिकतो. बाहेर आलेला जादा लेप हवेत ओला राहतो, त्यामुळे पुसून काढता येतो. ज्या टू-स्ट्रोक चेंबरच्या दोन पाकळ्या कागदाविना थेट एकमेकींवर बसतात, तेथे हा चालतो. अॅल्युमिनियमवर तो लोखंडापेक्षा सावकाश घट्ट होतो, म्हणून अॅल्युमिनियमच्या सांध्यासाठी असे लिहिलेला घ्यावा आणि वेळ जास्त द्यावा. पत्रा, प्लास्टिक आणि कागदी पॅकिंग यांना तो कामाचा नाही.

३) अर्धवट वाळणारा लिक्विड गॅस्केट. हा चिकट असतो. लावल्यावर त्यातील द्रव उडून जातो, पण तो दगडासारखा कडक न होता चिवट राहतो. दुचाकीच्या चेंबरच्या दोन पाकळ्या जोडताना गॅरेजमध्ये हा वापरतात. यातील पेट्रोलला टिकणारा प्रकार टू-स्ट्रोकला योग्य आणि पुढे उघडायची वेळ आली तर पाकळ्या सहज सुटतात. घेताना वेष्टनावर पेट्रोलला टिकतो असा उल्लेख आहे का, हे मात्र पाहूनच घ्यावा. कारण याच नावाखाली सिलिकॉनही विकला जातो.

४) शेलॅक, म्हणजे आपली लाख. जुन्या फिटरांचा हा आवडता लेप. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या दारांना कागदी पॅकिंगबरोबर शेलॅक लावायची पद्धत गावोगाव आहे आणि ओतीव लोखंडाच्या त्या संथ इंजिनांना ती शोभतेही. ऑइलला आणि डिझेलला शेलॅक टिकतो. पण तो कडक आणि ठिसूळ होतो. थरथरणाऱ्या छोट्या अॅल्युमिनियम इंजिनात त्याला तडे जातात. आणि आता त्यात एक नवी अडचण आली आहे. ती नीट समजून घ्यावी.

लाख आणि उसाचे पेट्रोल

लाख हा एका किड्याचा स्राव. पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवर हा किडा पोसतो. झारखंडात त्याचे मोठे उत्पादन आहे आणि रांचीला १९२४ सालापासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. शेलॅकचा लेप करताना ही लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात, कारण ती पाण्यात विरघळत नाही, नुसत्या पेट्रोलमध्येही विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये सहज विरघळते.

आता पेट्रोलकडे पाहा. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आपल्या देशात फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीस आले आणि आज बहुतेक पंपांवर तेच मिळते. हे इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून, तसेच मका आणि तांदळापासून तयार होते. आपल्या ऊस उत्पादकांना त्याचा लाभ आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉल म्हणजे स्पिरिटच. जो पदार्थ लाख विरघळवायला वापरतात, तोच आता पेट्रोलच्या प्रत्येक पाच भागांत एक भाग आहे. जुन्या मोटारींच्या कार्बोरेटरमध्ये बुचाचे फ्लोट असत आणि त्यांवर शेलॅकचा लेप असे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने तो लेप सुटतो, हे जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना ठाऊक आहे. तेव्हा ज्या सांध्याला पेट्रोल लागते तेथे यापुढे शेलॅक नको. वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या फिटरने तो लावला तर त्याचा अपमान न करता ही गोष्ट त्याला सांगावी. त्याची विद्या खोटी नाही, पेट्रोल बदलले आहे.

इथेनॉलचा आणखी एक गुण म्हणजे ते हवेतील पाणी ओढून घेते. म्हणून हंगाम संपला की छोट्या इंजिनाच्या टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे आणि कार्बोरेटरमधील उरलेले इंजिन चालवून संपवावे. निम्म्या तक्रारी येथेच मिटतील.

लेप लावण्याची रीत

योग्य लेप आणला तरी रीत चुकली तर तो फुकट जातो. आमच्या भागातील एका शेतकऱ्याने फवारणी पंपाचे फोर-स्ट्रोक इंजिन नीट केले, लेपही योग्य निवडला. पण जुन्या लेपाच्या खपल्यांवरच नवा लावला आणि तासाभरात ऑइल भरून यंत्र पाठीवर घेतले. दुपारी पुन्हा गळती. "साहेब, ट्यूबच बोगस निघाली," असे ते म्हणाले. दादांची ट्यूब खरी होती, पण तिला ना स्वच्छ जागा मिळाली ना वेळ. पुढच्या खेपेस त्यांनी सगळे खरवडून काढले, यंत्र रात्रभर ठेवले आणि त्याच ट्यूबने सांधा बसला.

रीत अशी :

पाकळ्या उघडताना फटीत पेचकस घालून उचकटू नये. अॅल्युमिनियम मऊ असते, पेचकसाची एक खोच कायमची गळती देते. सगळे बोल्ट निघाले का हे पाहून लाकडी किंवा रबरी हातोडीने कडेने हलके ठोके द्यावेत.

जुना लेप आणि पॅकिंग बांबूच्या चपट्या कामटीने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढावे. पटाशी किंवा पात्याची धार लावू नये. खपल्या आत पडू नयेत म्हणून बेअरिंगच्या तोंडावर स्वच्छ फडके ठेवावे आणि शेवटी ते आठवणीने काढावे.

झाकण सपाट आहे का, हे काचेच्या तुकड्यावर ठेवून पाहावे. डगमगत असेल तर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून झाकण त्यावर हलक्या हाताने गोल फिरवावे. हा उपाय फक्त बाजूच्या झाकणाला. बेअरिंग धरणाऱ्या चेंबरच्या पाकळ्या मात्र कधीही घासू नयेत, त्यांचे माप बिघडते.

शेवटची पुसणी थिनरच्या फडक्याने करावी आणि जागा पूर्ण कोरडी होऊ द्यावी. बोटाचा ओशटपणाही लेपाला नको असतो. हे काम उघड्यावर, चुलीपासून दूर आणि विडी-काडी बाजूला ठेवून करावे. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

लेप एकाच बाजूला लावावा. सिलिकॉन असेल तर १ ते २ मि.मी. रुंदीची अखंड रेघ ओढावी, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने न्यावी आणि भोकांभोवती वळसा द्यावा. अॅनारोबिक व लिक्विड गॅस्केट यांचा पातळ थर पुरतो. "जास्त लावले म्हणजे जास्त टिकते" ही समजूत सोडावी. जादा लेप बाहेर जितका दिसतो तितकाच आतही गेलेला असतो. तो सुटून ऑइलच्या जाळीत किंवा भोकात अडकला तर बेअरिंग कोरडे पडते. टू-स्ट्रोकमध्ये तो मिश्रणाच्या वाटेत अडकतो. बेअरिंग, ऑइल सील आणि ऑइलची भोके यांवर लेपाचा अंशही नसावा.

बोल्ट प्रथम हाताने बसवावेत, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्या क्रमाने बसवतात तसे. ६ मि.मी.च्या बोल्टला अॅल्युमिनियममध्ये साधारण १० न्यूटन-मीटर ताण पुरतो. सोप्या भाषेत सांगायचे तर १० से.मी. लांबीच्या पान्याच्या टोकावर १० किलोचा जोर. पान्याला पाइप लावून लोंबकळू नये. अॅल्युमिनियममधील आटे सुटले तर लेपाने ते भरून येत नाहीत.

मग थांबावे. लेप कोणताही असो, २४ तास यंत्र हलवू नये आणि ऑइल-पेट्रोल भरू नये. सायंकाळी लावला आणि दुसऱ्या सायंकाळी भरला, हे गणित सोपे आहे.

टू-स्ट्रोकचे चेंबर जोडल्यावर चांगला मिस्त्री ते दाबाने तपासतो. कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडे बंद करून, प्लग घट्ट बसवून, आत साधारण अर्धा बार, म्हणजे ७ पौंड हवा भरतात आणि सांध्याला साबणाचा फेस लावतात. बुडबुडा आला नाही आणि काटा काही मिनिटे जागचा हलला नाही तर सांधा पक्का. हवा याहून जास्त भरू नये, ऑइल सील उलटतात. दुरुस्ती करून घेताना "दाबाने तपासले का?" एवढे विचारावे. विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचे काम नीट होते.

येथे कोणताही लेप नको

सिलिंडर हेडच्या सांध्यात प्रत्यक्ष जाळ असतो, तेथे मूळ हेड पॅकिंगच हवे, लेपाने भागत नाही. सायलेन्सरच्या सांध्याला त्याचे स्वतःचे पॅकिंग असते. कार्बोरेटरच्या सांध्याला लेप लावला तर त्याचा कण बारीक जेटमध्ये जातो, म्हणून तेथेही नुसते पॅकिंग. चेंबरला चीर गेली असेल तर एम-सीलसारख्या लांबीने वरून बुजवून ते यंत्र पाठीवर घेऊ नये. चीर वेल्डिंगने भरून घ्यावी किंवा पाकळी बदलावी. पेट्रोलची टाकी झिरपत असेल तर कपड्याचा साबण घासून गळती तात्पुरती थांबते, ही जुनी युक्ती खरी आहे. पण ती यंत्र घरी आणण्यापुरती. पंप पाठीवर असतो, तापलेला सायलेन्सर वीतभर अंतरावर असतो आणि पेट्रोल झिरपून अंगरख्यात मुरत असते. अशा पंपाने एक ओळही फवारू नये, मग पीक कोणतेही असो आणि कीड कितीही असो. घरातील मायबहिणींनी याबाबत हट्टच धरावा.

दुकानात जाताना

बाजाराला निघण्यापूर्वी कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात : इंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, सांध्याला ऑइल लागते की पेट्रोल, दोन्ही भाग धातूचे आहेत की एक पत्र्याचा, आणि जुने पॅकिंग होते का. पॅकिंग होते तर त्याचा तुकडा सोबत न्यावा. एवढे सांगितले तर दुकानदार चुकीची ट्यूब देणार नाही आणि दिली तरी तुम्हाला ती ओळखता येईल. ट्यूबवरील मुदत पाहावी. उरलेली ट्यूब टोपण घट्ट लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंच आणि थंड जागी ठेवावी.

लक्षात ठेवायला सोपे म्हणून पुन्हा सांगतो. ऑइलच्या सांध्याला इंजिनाचा सिलिकॉन. पेट्रोल लागणाऱ्या, थेट धातूवर धातू बसणाऱ्या सांध्याला अॅनारोबिक किंवा पेट्रोलला टिकणारा लिक्विड गॅस्केट. कागद होता तेथे कागदच. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या दाराला पॅकिंगसह शेलॅक चालेल. जाळाच्या सांध्याला लेप नाही.

मृगाला अजून थोडे दिवस आहेत. या आठवड्यात एक दुपार काढा, पंप बाहेर आणा, धुवा, पावडर भुरभुरा आणि सांधे तपासा. सांधा उघडायचा असेल तर लेपाला लागणारे २४ तास आज तुमच्याजवळ आहेत. कपाशीवर कीड आल्यावर ते नसतील.